पाचशे डॉलरची एक नोंद

६ जून २०२५ रोजी कॅलिफोर्नियातल्या संघीय न्यायाधीश क्लॉडिया विल्कन यांनी खेळाडू आणि महाविद्यालयीन खेळांची नियामक संस्था एनसीएए यांच्यातल्या खटल्याच्या तडजोडीवर शिक्कामोर्तब केलं आणि अमेरिकेतल्या विद्यापीठांना आपल्या खेळाडूंना थेट पैसे देण्याची वाट मोकळी झाली. पहिल्या वर्षी एका विद्यापीठाला सुमारे २ कोटी ५ लाख डॉलर वाटता येतील असं ठरलं, शिवाय आधीच्या खेळाडूंना मिळून सुमारे २.८ अब्ज डॉलरची भरपाई. तेव्हापासून तिथे जो वाद पेटला आहे तो तिथल्या मराठी घरांतही ऐकू येतो, कारण आता त्या घरांतली मुलंही शनिवारी मिशिगन किंवा टेक्सासचा सदरा घालून मैदानावर जातात. एक बाजू म्हणते, पैशाने खेळ बाटला, कॉलेजचं फुटबॉल आता पूर्वीसारखं निर्मळ राहिलं नाही. दुसरी म्हणते, बाजारात ज्याची जी किंमत तीच त्याला मिळावी, बाकी सगळं ढोंग. हा वाद वाईट रीतीने घातला जातो आहे असं माझं मत आहे. एकेकाळी हा खेळ पैशावाचून चालत होता, हे दोन्ही बाजू धरूनच चालतात. पहिली बाजू त्या काळासाठी हळहळते, दुसरी त्याला नावं ठेवते. तो काळ नेमका कधी होता, हे मात्र कोणी तपासत नाही.

माझं म्हणणं असं : प्रेक्षक तिकीट काढून मैदानात येऊ लागले त्या दिवसापासून अमेरिकन फुटबॉलमध्ये पैसा आहे. खेळाचं नुकसान झालं ते पैसा लपवल्यामुळे. आणि ही लपवाछपवी खेळाडूंच्या सोयीसाठी जन्मली नाही, गेटवरचा गल्ला मोजणाऱ्यांच्या सोयीसाठी जन्मली. यासाठी मी एकाच क्लबच्या एका हंगामाकडे बोट दाखवीन. ॲलेगेनी ॲथलेटिक असोसिएशन, १८९२.

ॲलेगेनी तेव्हा पिट्सबर्गच्या पलीकडच्या काठावरचं स्वतंत्र शहर होतं. १९०७ मध्ये ते पिट्सबर्गमध्ये विलीन झालं. दोन्ही शहरांत पोलाद, काच आणि कोळशावर गब्बर झालेली घराणी होती, आणि त्यांची मुलं येल-प्रिन्स्टनहून फुटबॉल शिकून परतत होती. ॲथलेटिक क्लब या वर्गासाठी होते. व्यायामशाळा, धावपट्टी, सभासदांची उठबस, आणि शहरात क्लबचं नाव गाजवायला एक फुटबॉल संघ. संघ जिंकला की सभासद वाढत, हरला की शेजारच्या क्लबकडे जात. ॲलेगेनीचा शेजारी आणि प्रतिस्पर्धी होता पिट्सबर्ग ॲथलेटिक क्लब. १८८८ मध्ये स्थापन झालेली ॲमॅच्युअर ॲथलेटिक युनियन या साऱ्यांवर देखरेख ठेवी. खेळण्याबद्दल रोख रक्कम घेतलेली सापडली की खेळाडू हौशी गटातून बाद.

म्हणून रोख रक्कम सोडून बाकी सगळं दिलं जाई. खेळाडूला बक्षीस म्हणून सोन्याचं घड्याळ मिळे, तो ते गहाण टाके, क्लबचा माणूस ते सोडवून आणी आणि पुढच्या सामन्यानंतर तेच घड्याळ पुन्हा त्याच्या हातात पडे. प्रवासखर्च दुप्पट लावला जाई. सॅन फ्रान्सिस्कोचा ऑलिम्पिक क्लब चांगल्या खेळाडूंना नोकऱ्या लावून देऊन आपल्याकडे ओढतो, अशी तक्रार १८९० मध्ये युनियनकडे आली, तेव्हा युनियनने चौकशी करून ही प्रथा पूर्ण व्यावसायिक नाही, अर्धव्यावसायिक आहे, असा निकाल दिला आणि ती चालू राहिली. आपल्याकडे रेल्वे, बँका आणि तेल कंपन्यांच्या कबड्डी संघांनी खेळाडूंना नोकऱ्या दिल्या, त्यात कोणाला पाप दिसलं नाही, आणि दिसायचं कारणही नव्हतं. फरक इतकाच की ती नोकरी खेळासाठीच आहे हे सगळ्यांना माहीत असे. तिथे मात्र नियम एक सांगत होता, व्यवहार दुसरा चालला होता, आणि दोन्ही एकाच टेबलाभोवतीच्या माणसांच्या संमतीने.

२१ ऑक्टोबर १८९२ ला ॲलेगेनी आणि पिट्सबर्ग यांचा पहिला सामना ६-६ असा बरोबरीत सुटला. पिट्सबर्गकडून ‘स्टेयर’ नावाचा एक खेळाडू जोरात खेळला. तो पेन स्टेटच्या संघाचा कर्णधार, नाव बदलून उतरवलेला, असा बोभाटा नंतर झाला. चिडलेल्या ॲलेगेनीवाल्यांनी परतीच्या सामन्यासाठी बाहेरची माणसं शोधायला सुरुवात केली. त्यांची नजर गेली शिकागो ॲथलेटिक असोसिएशनच्या दौऱ्यावर असलेल्या संघाकडे. त्यात विल्यम हेफेलफिंगर होता, सगळे त्याला ‘पज’ म्हणत. येलचा, १८८९ ते १८९१ अशी सलग तीन वर्षं ऑल-अमेरिकन, म्हणजे देशातल्या सर्वोत्तम कॉलेज खेळाडूंत, निवडलेला, त्या काळचा बहुधा सर्वांत धिप्पाड आणि चपळ गार्ड, म्हणजे आघाडीच्या फळीतला खेळाडू. ओमाहातल्या रेल्वे कचेरीतली नोकरी बाजूला ठेवून तो या दौऱ्यावर आला होता. त्याच्या जोडीच्या बेन डॉनेली आणि एड मॅली यांनी खर्चापुरत्या पैशांवर यायचं कबूल केलं. प्रिन्स्टनच्या नोल्टन एम्सने हौशीपणाला धोका नको म्हणून माघार घेतली. हेफेलफिंगरने ५०० डॉलर मागितले, आणि त्याला ते मिळाले.

१२ नोव्हेंबरला ॲलेगेनीतल्या रिक्रिएशन पार्कवर हिवाळी थंडीत सुमारे तीन हजार माणसं जमली. समोर हेफेलफिंगर दिसताच पिट्सबर्गचा संघ मैदान सोडून चालू लागला. बराच वेळ वादावादी झाली, लोकांनी लावलेल्या पैजा रद्द ठरल्या आणि मगच सामना सुरू झाला. अखेर सामना लवकर आटोपता घ्यावा लागला, कारण अंधार पडत होता. पहिल्या डावात हेफेलफिंगरने समोरच्याच्या हातून निसटलेला चेंडू उचलला आणि थेट गोलरेषेपलीकडे नेला. याला टचडाउन म्हणतात, आणि तेव्हा त्याचे चार गुण असत. ॲलेगेनी ४, पिट्सबर्ग ०.

यापुढचा भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. क्लबने जमाखर्च लिहिला, आणि तो कागद टिकला. जमा १,६८३.५० डॉलर. खर्चात पाहुण्या संघाला हमीचे ४२८, मैदानाचं भाडं ५०, तिघा बाहेरच्या खेळाडूंच्या खर्चाचे ७५, एका हॉटेलचं बिल ९, आणि त्याच ओळीने ‘डब्ल्यू. हेफेलफिंगर यास खेळल्याबद्दल, रोख, ५००’. एकूण खर्च १,०६२. निव्वळ नफा ६२१.५०. हा कागद आज ओहायोतल्या कँटन इथल्या प्रो फुटबॉल हॉल ऑफ फेमकडे आहे. तो १९६० च्या दशकात उजेडात आला. तोवर सगळीकडे असंच मानलं जाई की पहिला व्यावसायिक फुटबॉलपटू म्हणजे लॅट्रोबचा जॉन ब्रॅलियर, ज्याने १८९५ मध्ये जेनेट गावच्या संघाविरुद्ध १० डॉलर आणि खर्च घेऊन खेळल्याचं उघड सांगितलं होतं. हेफेलफिंगर १९५४ मध्ये वारला. ५०० डॉलरबद्दल त्याने जाहीरपणे चकार शब्द काढला नाही.

या हिशोबात सगळ्यात मोठा वाटा कोणाचा? क्लबचा. नफा ६२१, सामना जिंकून देणाऱ्याला ५००. इतर खेळाडूंच्या नावे या खर्चात खेळल्याबद्दल एक पैसाही दिसत नाही. क्लबने गल्ला मोजला, नफा खिशात घातला, त्याला कोणी व्यावसायिक म्हटलं नाही. तो खेळप्रेमी गृहस्थांचा क्लबच राहिला. पण हेफेलफिंगरने पैसे घेतल्याचं उघड झालं असतं तर तो मात्र आयुष्यभरासाठी हौशी खेळातून बाहेर. नियमाला पैशाचं वावडं नव्हतंच. विशिष्ट हातांत पडलेल्या पैशाचं होतं.

त्याच वर्षी त्याच शहराच्या वेशीवर काय चाललं होतं? मोनोंगहेला नदीच्या काठी होमस्टेडच्या कार्नेगी पोलाद कारखान्यात जुलैपासून टाळेबंदी आणि संप. ६ जुलैला पिंकर्टन या खासगी एजन्सीचे भाडोत्री रक्षक आणि कामगार यांच्यात गोळीबार झाला, दोन्हीकडची माणसं मेली. व्यवस्थापक हेन्री फ्रिक याला संघटना नकोच होती. आणि हेफेलफिंगर चेंडू घेऊन धावला त्याच नोव्हेंबरात कामगारांनी हार मानली. त्याचे ५०० डॉलर म्हणजे तिथल्या साध्या मजुराची जवळपास वर्षाची कमाई होती. या दोन घटनांचा कार्यकारण संबंध नाही, तो जोडायचाही नाही. पण ज्या समाजात अंगमेहनतीचा दर माणसाने स्वतः मागणं हाच उर्मटपणा मानला जाई, त्याच समाजाने खेळाडूने दर मागणं हे चारित्र्याचं पतन ठरवलं, हे विसरून हौशीपणाची थोरवी गाता येत नाही.

आता पैशाने खेळ बाटला म्हणणाऱ्यांचं. त्यांच्या म्हणण्यात जोर आहे आणि तो मी नाकारत नाही. १२ नोव्हेंबरचा सामना खेळ म्हणून वाईटच झाला. तिकीट काढून आलेल्या माणसांना थंडीत भांडण बघावं लागलं. ज्यांनी आपल्या गल्लीतला, आपल्या कचेरीतला पोरगा खेळेल म्हणून गर्दी केली त्यांच्यासमोर ओमाहाहून आणलेला माणूस उभा राहिला. आठवड्याभराने डॉनेलीला २५० डॉलर देऊन वॉशिंग्टन अँड जेफरसन कॉलेजविरुद्ध उतरवलं, आणि ॲलेगेनी ८-० ने हरली; पैसे दिले की विजय येतोच असंही नाही. पुढे तर क्लब पुरता वाहवत गेला. पैसे दिल्याचं उघड झाल्यावर युनियनने त्याला बाहेर काढलं, तेव्हा १८९६ मध्ये त्याने मिळतील तितके उत्तम खेळाडू उघडपणे पैसे देऊन उभे केले, हेफेलफिंगरसकट. संघ दोन सामने खेळला, दोन्ही जिंकला आणि मोडला. त्या क्लबचा तो शेवटचा हंगाम. पुढे ओहायोत मॅसिलन आणि कँटन यांनी एकमेकांचे खेळाडू पळवण्याची चढाओढ लावली, १९०६ मध्ये सामना विकल्याचे आरोप झाले, आणि कँटनचा संघ कर्जात बुडाला. पैशावर लगाम नसला की खेळ कसा खचतो याचे हे धडे खरे आहेत. बाजारावर सोडून द्या म्हणणाऱ्यांनी ते वाचलेले दिसत नाहीत.

आजचाही एक आक्षेप याहून जड आहे. फुटबॉल आणि बास्केटबॉलच्या मिळकतीवर विद्यापीठांतलं पोहणं, कुस्ती, जिम्नॅस्टिक्स, मुलींचे संघ जगतात. मुख्य खेळाडूंना कोटींत पैसे गेले तर हे खेळ कशावर चालतील? काही विद्यापीठांनी असे संघ बंद करायला सुरुवातही केली आहे. ज्या मुलीचं जलतरणाचं स्वप्न यात बुडतं तिला १८९२ चा इतिहास ऐकवून काय उपयोग?

पण थोडं खोलात जाऊ. हे छोटे खेळ जगवण्याचा भार आजवर कोणी उचलला? ज्याला एका पैशाचीही वाटणी नव्हती त्या फुटबॉलपटूने, ज्यांच्यात गरीब घरांतल्या कृष्णवर्णीय मुलांची संख्या मोठी आहे. प्रशिक्षकांना लाखांनी पगार, स्टेडियमला कोटींचे विस्तार, त्यातून उरलेल्यात इतर खेळ. विद्यापीठाला जलतरण मोलाचं वाटत असेल तर त्याने ते आपल्या अर्थसंकल्पातून चालवावं. ग्रंथालय ते असंच चालवतं. एका विद्यार्थ्याच्या न दिलेल्या मजुरीतून दुसऱ्याची शिष्यवृत्ती काढणं याला औदार्य म्हणता येत नाही.

आणि भाडोत्री खेळाडूंमुळे झालेला तो वाईट सामना? तो पैशामुळे बिघडला की चोरीमुळे? पिट्सबर्गने खोट्या नावाने माणूस उतरवला, कारण खऱ्या नावाने उतरवता येत नव्हता. ॲलेगेनीने हेफेलफिंगरला शेवटच्या क्षणी समोर आणलं, कारण आधी जाहीर करणं शक्य नव्हतं. पैजा लावणाऱ्यांची फसवणूक झाली ती याच आडपडद्यामुळे. आपल्याकडच्या जत्रेतल्या कुस्त्या आठवा. इनाम आधी पत्रकावर छापतात, मैदानात लाऊडस्पीकरवरून पुकारतात, कोणत्या पैलवानाची कोणाशी जोड, किती लाखांची, देणगी कोणाची, सगळं आखाड्याभोवतीच्या हजारो माणसांना ठाऊक असतं. त्यातही कधीमधी कुस्ती ठरवून सोडवली जाते आणि लोक हुर्यो उडवतात. पण पैलवानाने इनाम घेतलं म्हणून कुस्ती बाटली असं आजवर कोणा गावकऱ्याला वाटलेलं नाही. काय पणाला लागलं आहे ते त्याला माहीत असतं, म्हणून तो खेळाचा न्याय स्वतः करू शकतो.

हौशीपणाच्या नियमाने प्रत्यक्षात काय केलं हे बघायला इंग्लंडइतकी चांगली जागा नाही. उत्तरेकडच्या रग्बी क्लबांत खाणकामगार आणि गिरणीकामगार खेळत. शनिवारी सामन्याला जायचं तर अर्ध्या दिवसाची मजुरी बुडे. क्लबांनी मागितलं ते एवढंच की बुडालेल्या मजुरीची भरपाई द्यायची परवानगी मिळावी. दक्षिणेच्या वर्चस्वाखालच्या रग्बी युनियनने १८९३ मध्ये नाही म्हटलं. खेळ पवित्र राहिला पाहिजे. २९ ऑगस्ट १८९५ ला हडर्सफील्डमध्ये उत्तरेचे क्लब जमले आणि त्यांनी वेगळी चूल मांडली. त्यांनी आरंभी ठरवलेली भरपाई होती दिवसाला सहा शिलिंग. या सहा शिलिंगांवरून एक खेळ कायमचा दुभंगला. मूळ खेळाच्या, म्हणजे रग्बी युनियनच्या, आंतरराष्ट्रीय मंडळाने व्यावसायिकता मान्य केली ती बरोबर शंभर वर्षांनी, ऑगस्ट १९९५ मध्ये. त्या शतकात ‘खर्च’ या नावाखाली उत्तम खेळाडूंच्या हाती पैसे पोचतच होते. आणि त्याच इंग्लंडात डब्ल्यू. जी. ग्रेस नावाचा हौशी क्रिकेटपटू बहुतेक व्यावसायिकांपेक्षा जास्त कमवत होता. सद्गृहस्थाने घेतलं की खर्च, कामगाराने मागितलं की भ्रष्टाचार.

अमेरिकन ॲथलीट जिम थॉर्पची १९१२ ची दोन ऑलिम्पिक सुवर्णपदकं याच नियमाने काढून घेतली. गुन्हा काय, तर नॉर्थ कॅरोलायनात उन्हाळ्याच्या सुट्टीत किरकोळ पैशांवर बेसबॉल खेळला. इतर कॉलेजची मुलं तसंच खेळत, पण खोट्या नावाने. थॉर्पने स्वतःचं नाव लावलं. त्याला एकमेव विजेता म्हणून पुन्हा मान्यता मिळाली २०२२ मध्ये, मरणानंतर ६९ वर्षांनी. आपल्या खाशाबा जाधवांवर असा आरोप कधी आला नाही, पण हौशी ऑलिम्पिकचा दुसरा चेहरा त्यांनी पाहिला. १९५२ च्या हेलसिंकीसाठी निघताना पैसे नव्हते, आणि राजाराम कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांनी घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. खेळातून कमवायचं नाही असा नियम करणाऱ्यांनी खेळाडूच्या घरी पैसा आधीच आहे असं गृहीत धरलं होतं. गोळेश्वरच्या शेतकऱ्याच्या मुलाकडे तो नव्हता.

ज्यांना वाटतं की ही जुन्या काळची गोष्ट, त्यांनी १९८७ कडे पाहावं. टेक्सासमधल्या सदर्न मेथडिस्ट विद्यापीठात माजी विद्यार्थ्यांच्या पैशातून खेळाडूंना महिन्याला रोख वाटप चालू होतं. आधी शिक्षा झालेली असूनही ते चालूच राहिलं. उघड झाल्यावर एनसीएएने त्या वर्षीचा संपूर्ण हंगाम रद्द केला. मग राज्याचे गव्हर्नर बिल क्लेमंट्स यांनी कबूल केलं की आधी दिलेले शब्द पाळायचे म्हणून ते वाटप चालू ठेवायला विद्यापीठाच्या मंडळाने, आणि मंडळाचा प्रमुख म्हणून त्यांनी स्वतः, संमती दिली होती. नियम लिहिणाऱ्या व्यवस्थेतलीच वरची माणसं नियम मोडत होती आणि हंगाम गमावून बसले ते विद्यार्थी.

म्हणून २०२५ च्या तडजोडीकडे मी हळहळ न करता पाहतो. पण समाधानानेही नाही. पैसे देण्याची मुभा मिळाली, हिशोब दाखवण्याची सक्ती पुरेशी आली नाही. खेळाडूने बाहेरच्या कंपन्यांशी ६०० डॉलर किंवा त्याहून मोठा करार केला तर तो नोंदवावा लागतो, पण ती नोंद लोकांसाठी खुली नाही. काही राज्यांनी तर असे करार माहितीच्या कायद्यातूनच वगळले आहेत. सरकारी विद्यापीठ करदात्यांच्या पैशावर चालतं आणि त्याचा प्रशिक्षक किती घेतो हे वर्तमानपत्रात छापून येतं. मग खेळाडूचा करार गुप्त का? गुप्ततेचा फायदा पुन्हा दलालांना आणि श्रीमंत देणगीदारांनाच होतो. सतरा-अठरा वर्षांच्या पोराला शेजारच्या खोलीतल्या मुलाला किती मिळतं हेच माहीत नसेल तर तो घासाघीस कशाच्या आधारावर करणार?

आणि सर्वांत जुना प्रश्न अजून तसाच आहे : अंग मोडलं तर काय? १९५५ मध्ये कोलोरॅडोतल्या फोर्ट लुइस कॉलेजचा रे डेनिसन सामन्यात डोक्याला मार लागून मेला. त्याच्या पत्नीने कामगार भरपाई मागितली. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने १९५७ मध्ये ती नाकारली, कारण कॉलेजचा धंदा फुटबॉलचा नव्हे. हा युक्तिवाद तेव्हा कदाचित शोभला असेल. आज दूरचित्रवाणीचे अब्जावधींचे करार करणाऱ्या विद्यापीठांच्या तोंडी तो शोभत नाही. २०२४ मध्ये फिलाडेल्फियातल्या संघीय अपील न्यायालयाने सांगितलं की हौशी म्हणवले जातात एवढ्यावरून महाविद्यालयीन खेळाडूंना कामगार कायद्याबाहेर ठेवता येणार नाही. विद्यापीठं मात्र त्यांना कर्मचारी मानायला तयार नाहीत, आणि खेळाडू कर्मचारी नाहीतच असं संसदेकडून लिहून घेण्यासाठी त्यांची धावपळ चालू आहे. मिळकतीत वाटा द्यायचा पण नातं मान्य करायचं नाही, म्हणजे गुडघा निकामी झाल्यावर, चाळिशीत स्मरणशक्ती ढासळल्यावर जबाबदारी पुन्हा खेळाडूच्या आईबापांवर. पैशाने खेळ बाटला की नाही यावर रात्र जागवणाऱ्यांनी आपल्या खासदाराला एवढं विचारावं : या मुलांच्या दुखापतीचा खर्च कोण देणार, किती वर्षं देणार, आणि ते कोणत्या कायद्यात लिहिलं आहे?